खुर्ची बसायला हाय

आमच्या हुमनाबादेत सुगला अक्काच्या खुर्चीवर उभं राहायची कुणाची छाती नव्हती. पुढाऱ्याची माणसं असोत, वऱ्हाडात जरा जास्त घेऊन आलेले मामा असोत, नाहीतर गॅदरिंगची कॉलेजची पोरं असोत. अक्काचा धंदा मंडपाचा. खांब, कनाती, गालिचे, नवरा-नवरीला बसायच्या राजा-राणी खुर्च्या, एक म्हातारा जनरेटर, आणि निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या छताला लागलेल्या थप्प्या. हायवेच्या एका अंगाला तिचं गोडाऊन आणि समोरच्या अंगाला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. मधून दिवसभर लॉऱ्या जातात, तरी तिचं बोलणं मला घरात बसल्यासारखं ऐकू यायचं. गिऱ्हाईक काय मागतंय ते मात्र दोनदा विचारावं लागायचं.

आता अक्का खजुरीला माहेरच्या शेताकडं राहते आणि मंडपाचं सगळं तिचा मुलगा बसू आणि सून बघतात. पण अजून कुणी पोरगं माझ्या दुकानात वरच्या फळीवरची वही काढायला स्टुलावर चढलं की माझ्या तोंडून तिचंच वाक्य निघतं. खुर्ची बसायला हाय.

ते वाक्य गावभर झालं एका निवडणुकीच्या सभेत. मोठे पाहुणे भाषण करायलेत, आणि पुढच्या रांगेत एक धिप्पाड कार्यकर्ता खुर्चीवर चढून झेंडा फिरवायलाय. तेवढ्यात स्टेजमागच्या कनातीतून अक्का बाहेर आली. बुटकी बाई, पदर खोचलेला, कपाळावर विभूती, हातात खुंटे ठोकायची हातोडी. हातोडी तिच्या हातात नेहमीचीच, पण त्या गड्याला ते माहीत नव्हतं.

"अप्पा, खाली उतर," ती म्हणाली. "खुर्ची बसायला हाय. उभं ऱ्हायला एवढी भुई हाय की."

"अक्का, साहेब बोलायलेत."

"मग बसून ऐक. उभं राहून काय जास्त कळायलंय?"

भाषण थांबलं. सभा बघायला लागली. गडी उतरला, झेंडा काखेत मारून बसला. स्टेजवरचे साहेबही रसिक निघाले. त्यांनी माइकवरून विचारलं, "अक्का, मी पण बसू का?" अक्कानं मान वर करून सांगितलं, "तुमी बोला. तुमच्या खाली स्टेज हाय." आणि आली तशी कनातीमागं गेली. त्या सभेत साहेब काय बोलले हे आज कुणाला आठवत नाही.

नवरा गेला तेव्हा बसू शाळेत होता. लोकांना वाटलं, बाई सामान विकून माहेरी जाईल. बाईनं जुने खांब विकून नवे घेतले. शिव्या ती कन्नडमध्ये द्यायची, भाव उर्दूत करायची आणि जेवायला मराठीत बोलवायची. ती कन्नडमध्ये सुरू झाली की तिची माणसं न सांगता कामाला लागायची.

तिचा खरा अभिमान मात्र खुर्च्यांचा नव्हता, उजेडाचा होता. आमच्याकडं लाईट जाते, त्यात नवल नाही. पण अक्काच्या मंडपात अंधार टिकत नसे. माझ्या मुलीच्या, सविताच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी लाईट गेली. हातातल्या अक्षता हातातच होत्या, बायकांनी अगंबाई म्हणायला तोंड उघडलं होतं, तोवर मागं जनरेटर धडधडला आणि उजेड झाला. भटजींना एक अक्षरही पुन्हा म्हणावं लागलं नाही.

जेवणं सुरू झाल्यावर मी स्वतः ताट घेऊन मंडपामागं गेलो. अक्का डिझेलच्या पालथ्या डब्यावर बसलेली. शेजारी तिचा जनरेटरवाला इस्माईलभाई विडी ओढत होता. पुढून सनई ऐकू येत होती. अक्कानं ताट घेतलं, कान दिला आणि म्हणाली, "अण्णा, आता वहिनी रडतील बगा." सनई थांबली आणि खरंच पुढून माझ्या बायकोचा हुंदका आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सनई थांबली की पोरीच्या आईला रडायला वाव मिळतो. आता धाकटी मावशी समजूत घालंल. न्हाई, ती पण रडायलीय."

तिला पडद्यामागून सगळं ऐकूनच दिसायचं. हार घातले, पाहुणे रुसले, नाटकवाल्याचं वाक्य चुकलं, पुढाऱ्याच्या सभेतून मागची रांग उठून चालली. या गावातली सगळी लग्नं, सगळ्या जत्रा, सगळी नाटकं तिच्या मंडपात झाली आणि तिनं त्यातलं एकही पुढून बघितलं नाही. मला वाईट वाटलं. म्हणालो, "अक्का, एकदा पुढं येऊन बसा की."

"आन् मी पुढं बसल्यावर लाईट गेली म्हंजे? मला लोकांनी उजेडासाठी बोलावलंय, अण्णा. बगायला न्हाई." असं म्हणून तिनं भात कालवला.

बसूनं लग्न जमवलं ते जनरेटरमुळंच. बीदरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोरांचा कार्यक्रम होता, तिथं हा जनरेटर घेऊन गेला. तिथं रेणुका नावाची मुलगी ड्रम वाजवत होती. 'सुरंग' नावाचा त्यांचा बँड, चार पोरं आणि ही. बसू तिथून आला तो आठ दिवस गालिच्याच्या घड्या उलट्या घालत होता. शेवटी बैठक ठरली. शेजारधर्म म्हणून मलाही नेलं. वडीलधारे म्हणून अक्काचे मोठे दीर, भालकीकडचे गुरप्पा, आले होते. सरळ माणूस, उसाची शेती, मांडीवर उपरण्याची घडी. घरात त्यांचा शब्द शेवटचा.

गुरप्पांनी रीतीप्रमाणं विचारलं, "सैपाक येतो का बाई?"

"येतो," रेणुका म्हणाली. "ड्रम पण येतो. लग्न झाल्यावर पण वाजवणार, ते आत्ताच सांगते."

तिच्या बापानं चहाच्या कपात बघितलं. गुरप्पांनी आमच्याकडं बघितलं. अक्कानं मात्र चौकशी चालू केली. "किती जोरात?"

"लई जोरात."

"जनरेटरच्या वर?"

"व्हय."

"मग ठीक हाय. आमच्या घरात हळू बोललेलं कुणालाच ऐकू येत न्हाई." आणि तिनं साखरेची पुडी पुढं सरकवली.

लग्न झालं, त्यातही अक्का कनातीमागंच होती. ड्रम आले आणि गोडाऊनमध्ये लागले. गालिचे आणि गाद्या रचून पोरीनं स्वतःची खोलीच केली. गाद्या आवाज पितात म्हणे. पीत असतील, पण सगळा नाही. माझ्या दुकानातल्या काचेच्या बरण्यांतल्या पेन्सिली थरथरायच्या. मी एकदा तक्रार घेऊन गेलो, तर अक्का गाद्यांच्या थप्पीवर मांडी घालून चहा पीत ऐकत होती. मला म्हणाली, "बसा अण्णा. हे जे डावीकडचं वाजतंय ना, ते आज बरोबर यायलंय. काल चुकत होतं." मी तक्रार विसरून चहा पिऊन आलो. माझा राग असाच असतो, चहापर्यंत टिकतो.

मग एक दिवस गुरप्पा आले. त्यांनीही ऐकलं. उपरण्यानं घाम पुसत म्हणाले, "दारं लावून वाजवती तवर मी काय बोललो न्हाई. पण आता बसू म्हणायलाय की क्लबात कार्यक्रम ठिवायचा, तीन बँड, गावासमोर. सुगला, घरची सून चार लोकांत पाय फाकवून बसून बडवणार. लोक हसतील."

"हसतील कामून?"

"हसतात. मी लोक बगितलेत. मी येतो त्या दिवशी, पुढच्या रांगेत बसतो. लोक हसले तर ड्रम माळ्यावर. पुन्हा खाली न्हाई. कबूल हाय का?"

रेणुका काहीतरी बोलणार होती, पण अक्का आधी बोलली. "हसले तर मी माझ्या हातानं माळ्यावर टाकीन, भावजी."

पोरीचं तोंड उतरलं. अक्काचा शब्द म्हणजे काय, हे तिला लग्न होऊन वर्षाच्या आत कळलं होतं. भर पावसात पुलावर पाणी असताना भिजलेल्या कनाती दुसऱ्या वाटेनं नेऊन तिनं मंडप उभा केल्याचं सगळ्यांनी बघितलं होतं, का तर शब्द दिला होता. गुरप्पा गेल्यावर मी विचारलं, "अक्का, हे काय बोलून बसलात?"

"मग काय करू? न्हाई म्हणलं असतं तर भावजी रुसले असते, आन् पोरीला वाजवूच नगं म्हणलं असतं तर ती आतून वाळली असती. लोक हसायचे न्हाईत."

"आणि हसले तर?"

अक्का हातोडी उचलून खुंटे मोजायला लागली. 

क्लब म्हणजे आमचा क्लब. पत्त्यांची चार टेबलं, एक कॅरम, मागं बॅडमिंटनचं मैदान. मी तिथला जुना सभासद, कॅरमपुरता. सेक्रेटरी ऐकेनात. "क्लबात शिस्त असती, अक्का. हा धांगडधिंगा इथं न्हाई चालायचा."

"बरं," अक्का म्हणाली. "मग तुमच्या वार्षिक कार्यक्रमाला माझ्या खुर्च्या मागू नका. खाली सतरंजीवर बसा, शिस्तीनं."

सेक्रेटरींचे दोन्ही गुडघे गेलेले. मैदान मिळालं.

कार्यक्रमाच्या दिवशी अक्काच्या माणसांनी जन्मभर जे केलं तेच केलं. लग्नाचा मंडप घातला. लाल गालिचा, दारात कागदी फुलांची कमान, स्टेजवर मधोमध राजा-राणी खुर्च्यांचा गोल चौथरा. बँडची पोरं आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. बसू चौथरा काढायला निघाला तर अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खुर्च्या तेवढ्या काढा. ह्याच चौथऱ्यावर हिच्यावर अक्षता पडल्यात, ह्याच्यावरच वाजवंल." त्यामुळं ड्रम चढले नवरा-नवरीच्या जागी. अक्का दोऱ्यांच्या गाठी तपासत फिरली. तपासलेल्याच गाठी पुन्हा तपासायली होती.

दिवस मावळला तशी माणसं जमली. बायका लेकरं घेऊन, म्हातारे कानाला मफलर बांधून, पोरं मोबाइल वर धरून. कमानीशी भजीवाला. गुरप्पा पुढच्या रांगेत, उपरण्याची घडी मांडीवर. मी त्यांच्याच मागं. पहिला बँड आमच्याच औद्योगिक वसाहतीतल्या कामगार पोरांचा. नाव 'तिसरी पाळी'. त्यांनी कारखान्याच्या भोंग्यावरचं गाणं म्हटलं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. माझ्या छातीत बसलं, हे मी कबूल करतो. गाणं वाईट नव्हतं. पण आमची माणसं कीर्तनाला बसल्यासारखी हात जोडून बसलेली. टाळी कधी द्यायची हे कुणाला माहीत नाही. एक म्हातारा मात्र रीतीचा पक्का. गाणं चालू असताना तो सावकाश स्टेजवर चढला, गिटारवाल्या पोराच्या शर्टाला दहाची नोट टाचणीनं लावली, आशीर्वाद दिला आणि सावकाश उतरला. पोरानं वाजवणं सोडलं नाही. दुसरा बँड भालकीच्या पोरांचा, त्यांना तर माणसांनी चहा नेऊन दिला. तरी टाळी नाही.

मग 'सुरंग'. रेणुका वर आली. साधा काळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. चौथऱ्यावर चढून ड्रममागं बसली आणि मागच्या रांगेतून खुसखुस आली. थोडीच, पण आली. गुरप्पांची मान वळली. मला तिथं बसवेना, मी उठून कनातीमागं गेलो.

अक्का कापडाला कान लावून उभी. इस्माईलभाई जनरेटरपाशी. पुढं गाणी सुरू झाली. एक झालं, दुसरं झालं. मी हळूच विचारलं, "हसायलेत का?"

"दोघं. मागच्या अंगाला. भावजी खाकरायलेत. बाकीचे वाट बगायलेत."

"कशाची?"

"ते त्यांनाच माहीत न्हाई," अक्का म्हणाली.

शेवटचं गाणं ऐन भरात आलं आणि लाईट गेली. गिटार गेल्या, माइक गेला, गाणाऱ्याचा आवाज कमानीपर्यंतही पोचेना. सगळं मैदान काळं. इस्माईलभाईचा हात सवयीनं हँडलवर गेला.

"अक्का, मारूं क्या?"

आणि अक्काचा हात वर झाला. "नक्को. ठैर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इस्माईलभाईलाही तसंच वाटलं असावं, तो वाकलेला तसाच राहिला. आणि मग आम्हाला ऐकू आलं. ड्रम थांबला नव्हता. ड्रमला लाईट लागत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरगी अंधारात एकटी वाजवत होती. आधी गाण्याचाच ताल होता, मग तिनं तो हळूहळू मोडला आणि दुसरा धरला. जत्रेत पालखीपुढं हलगी वाजते ना, तो ठेका. तो आमच्याकडं कुणाला शिकवावा लागत नाही, चालायला लागलेलं पोरही त्यावर पाय टाकतं. माझाही पाय हलायला लागला.

पुढं एक टाळी पडली. भजनातली टाळी, ठेक्यावर. मग दुसरी. आणि एकदम खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज आला, शंभर खुर्च्या एकाच वेळी फरपटल्यासारखा.

अक्कानं माझा दंड धरला. "अण्णा, खुर्च्या सरकायलेत. लोक उठून चाललेत, का उभं राहिलेत?"

आयुष्यात पहिल्यांदा तिला पाठीमागून कळत नव्हतं. मला तर कधीच कळत नव्हतं. मी म्हणालो, "जनरेटर लावा अक्का. उजेडात दिसंल."

"आता उजेड केला तर तिचा हात थांबंल. एवढी रंगात आलीय." तिनं पदर खोचला. "मी बगून येते."

तिनं कनात वर उचलली आणि वाकून पुढच्या बाजूला गेली. इस्माईलभाई माझ्याकडं बघतच राहिला. मी तिच्यामागं वाकलो, पण माझी पाठ मेली वेळेवर वाकत नाही. पुढं पोचलो तेव्हा अंधारात नुसती माणसांची भिंत. सगळी उभी. कुणी चाललेलं नव्हतं. टाळ्या इतक्या ठेक्यात पडत होत्या की जमीन हलायली आहे असं वाटलं. भजीवाल्याच्या शेगडीच्या उजेडात म्हाताऱ्या बायका डुलताना दिसत होत्या. सेक्रेटरी, ज्यांचे गुडघे गेलेले, ते भजीवाल्याच्या खांद्याला धरून उभे होते. आणि कुणी हसत असेल तर ते आनंदानंच हसत होतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. गर्दीत अक्का कुठं गेली ते दिसेना. ती बुटकी बाई, एवढ्या उंच माणसांमागं तिला काय दिसणार, ही काळजी मला लागली.

आणि लाईट आली. आपली आपण आली, सरकारी. बटणं सगळी चालूच होती, त्यामुळं गिटार, माइक, गाणारा, सगळे एकदम त्या ठेक्यावर येऊन आदळले. मैदानातून जो आवाज उठला तसा मी आमच्या गावात त्याआधी ऐकला नव्हता. तो म्हातारा पुन्हा नोट घेऊन स्टेजकडं निघाला होता. चौथऱ्यावर रेणुका, घामानं निथळत, डोळे मिटून वाजवत होती.

मग मला अक्का दिसली. पुढच्या रांगेत, गुरप्पांच्या शेजारी, आपल्याच निळ्या खुर्चीवर ती उभी होती. पदर सुटलेला, दोन्ही हात वर, टाळ्या वाजवत, तोंड उघडं. चपला तेवढ्या तिनं खाली जोडीनं काढून ठेवल्या होत्या. तिचंच वाक्य तिला ऐकवावं असं माझ्या जिभेवर आलं, पण माझी छाती झाली नाही.

गुरप्पा मान वर करून म्हणाले, "सुगला, खाली उतर. पडशील."

"थांबा की भावजी," ती म्हणाली. स्टेजवरची नजर तिनं काढली नाही. "मला बगू द्या. म्या अजून कवाच बगितलं न्हाई."

गुरप्पांनी उपरणं खांद्यावर टाकलं, खाली वाकले आणि दोन्ही हातांनी तिची खुर्ची घट्ट धरली.